आज्ञावलीकारांच्या मंडळात भाषाभ्यासक

भारतीय साहित्यांचा अभ्यासक आणि संगणकाच्या आज्ञावल्या रचणारा तंत्रज्ञ यांचा संबंध आजवर गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्या संबंधापलीकडे फारसा गेलेला नाही. टाक, दौत आणि छापखाना यांच्या पंक्तीत आपण संगणकालाही बसविले आणि तो कसा घडतो हे पाहणे दुसऱ्याचे काम मानले. प्रस्तुत लेखकास ही वाटणी घातक वाटते. जेथे आज्ञावल्या सामुदायिक रीतीने रचल्या जातात, उघडपणे तपासल्या जातात आणि कोणासही वापरावयास व बदलावयास मोकळ्या ठेवल्या जातात, अशा मंडळांत साहित्याच्या अभ्यासकाने सहभागी झाले पाहिजे; त्यात त्या मंडळांइतकेच आपल्या विद्येचेही हित आहे, एवढेच या टिपणाचे प्रतिपादन आहे.

हे टिपण ज्या भागात लिहिले जात आहे त्या लखनौच्या सरोजिनी नगरातून कानपूरचा हमरस्ता जातो. भारतीय लिप्यांच्या संगणकीय इतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, लिहिला गेला. तेथे प्रा. आर. एम. के. सिन्हा व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतर देवनागरीवर काम आरंभिले. तेथेच मोहन तांबे यांच्या प्रयत्नांतून आकारास आलेले जिस्ट तंत्र पुढे, १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढीस लागले. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही समान संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक ठरली. तिच्या १९८८ च्या आराखड्यावर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आधारलेली आहे. आज आपण लिहितो ते प्रत्येक अक्षर या परंपरेचे ऋणी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

परंतु सर्व ब्राह्मी-कुलोत्पन्न लिप्यांना एकाच साच्यात बसविण्याच्या या प्रयत्नात प्रत्येक भाषेचे काही विशेष मागे राहिले. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ च्या नंतर येतो. संकेतक्रमात मात्र तो ‘ल’ च्या शेजारी आहे. त्यामुळे केवळ संकेतक्रमाने लावलेली शब्दसूची मराठी कोशाच्या क्रमाशी जुळत नाही. मराठीचा क्रम यंत्रास निराळा शिकवावा लागतो. दुसरे उदाहरण अधिक बोधक आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील अर्थभेद शालेय विद्यार्थीही जाणतो. पहिल्यात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा दुसरा ‘र’ यंत्रात दोन भिन्न संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द ठरतात. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच. त्यास स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तत्पूर्वी ते ‘अ’ वर चंद्र जोडून लिहिले जाई, आणि ते जुने लेखनही संग्रहांतून नांदतेच आहे. एखाद्या कादंबरीकाराच्या शब्दकळेची सूची यंत्राकरवी करणाऱ्या संशोधकाने हा भेद ध्यानी घेतला नाही, तर त्याची गणना चुकेल आणि चुकली आहे हे त्याला कळणारही नाही. हा प्रश्न तांत्रिक भासतो, परंतु वस्तुतः तो पाठनिश्चितीचा प्रश्न आहे.

असे प्रश्न कोण सोडवितो? जो त्या चर्चेत उपस्थित असतो, तो. मल्याळम भाषकांनी हे लवकर ओळखले. २००२ मध्ये आरंभ झालेल्या ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’ या स्वयंसेवी मंडळाने टंक सिद्ध केले, आज्ञावल्यांची भाषांतरे केली, आणि चिल्लू अक्षरांना स्वतंत्र संकेत द्यावेत की नाहीत या वादात आपला विरोध जाहीरपणे नोंदविला. निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला. तथापि तो त्यांच्या अनुपस्थितीत झाला नाही. आपल्या मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यासाठीचा प्रस्ताव अंशुमान पांडे या इतिहासाच्या अभ्यासकाने सिद्ध केला होता. अक्षरांची रूपे, जोडाक्षरांच्या रीती, जुन्या कागदपत्रांतील दाखले ही त्यामागची सामग्री लिपीच्या अभ्यासकाचीच होती. आपल्या दप्तरखान्यांतील मोडी कागदांचे ढीग पाहता त्या प्रस्तावाचे मोल निराळे सांगावयास नको.

आता लाभाची दुसरी बाजू. या मंडळांची कार्यपद्धती पाठचिकित्सकास अपरिचित वाटू नये. लिनक्सच्या कामासाठी २००५ मध्ये लिनस तोरवाल्ड्स यांनी रचलेल्या गिट या साधनात प्रत्येक बदलाबरोबर तो कोणी, केव्हा केला याची नोंद राहते. का केला हेही लिहिण्याचा शिष्टाचार आहे. आणि कोणतीही पूर्वावस्था पुन्हा पाहता येते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे मराठी वाङ्मयेतिहासातील थोर कार्य होय. परंतु त्यांनी कोठे कोणता पाठ टाकून कोणता घेतला याची नोंद उरली नाही, आणि अभ्यासक अद्याप तर्क करीत आहेत. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती अनेक विद्वानांच्या सहकार्याने पूर्ण केली, तिच्या तळटीपांत हीच नोंद-निष्ठा आहे. तिची संगणकीय संहिता क्योटोचे मुनेओ तोकुनागा यांनी तयार केली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती सुधारली. एकाचे काम दुसऱ्याने उघडपणे पुढे नेण्याची ही रीत आज्ञावलीकारांच्या मंडळांत नित्याची आहे. आपल्याकडे मात्र आवृत्त्या, सूची आणि संदर्भपत्रे अभ्यासकाच्या कपाटातच राहतात आणि पुष्कळदा त्याच्याबरोबरच नाहीशी होतात.

यावर आक्षेप संभवतात. या मंडळांचा व्यवहार बहुतांशी इंग्रजीत चालतो. स्वयंसेवकांच्या श्रमांवर मोठ्या कंपन्या नफा मिळवितात. आणि विद्यापीठीय मूल्यमापनात अशा कामाला फारसे स्थान नाही. तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु दूर राहिल्याने इंग्रजीचे वर्चस्व कमी होत नाही, ते निर्वेध होते. श्रमांच्या शोषणाचा प्रश्न खराच. तथापि मुक्त परवान्याखाली केलेले काम समाजाच्याही हाती उरते, आणि बंदिस्त टंकांत अक्षरजुळणी झालेल्या ग्रंथांची गेल्या शतकाच्या अखेरीस जी अवस्था झाली ती पाहता हे थोडे नव्हे. ते टंक गेले आणि संहिता असूनही अवाच्य झाली. कित्येक ग्रंथ पुन्हा जुळवावे लागले. तिसरा आक्षेप मात्र आपल्याच घरचा आहे आणि त्याचे निवारणही आपल्याच हाती आहे. शुद्धलेखन-तपासणीसाठीची शब्दसूची किंवा लिपीविषयक प्रस्ताव हे संशोधननिबंधाच्या तोडीचे काम मानावयास विभागांनी आरंभ केला पाहिजे.

अभ्यासकाने आज्ञावली लिहावयास शिकलेच पाहिजे असा येथे आग्रह नाही. चुकीच्या क्रमाची, दुभंगलेल्या अक्षराची, अनुवादातील विचित्र शब्दाची सप्रमाण तक्रार नोंदविणे हेही त्या मंडळांत आदराचे योगदान आहे, आणि सप्रमाण बोलणे हा तर आपला व्यवसायच आहे. कोशकार, पाठचिकित्सक आणि व्याकरणकार यांनी पिढ्यानुपिढ्या जपलेले ज्ञान यंत्रात उतरावयाचे असेल, तर ते जाणणाऱ्याने तेथे जाऊन बसले पाहिजे. भाषेची घडी यंत्रात बसत असताना भाषेचे जाणकार बाहेर राहिले, तर पुढील पिढ्यांना मिळणारी मराठी इतरांच्या सोयीने बेतलेली असेल.