कोरोना गेला, मग डोळा कशाने गेला?



मामूजानच्या डाव्या डोळ्याचा विषय घरात निघाला की मुमानी अजूनही एकच वाक्य बोलतात, "अहो, कोरोनातून तर ते बरे झाले होते ना!" त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. कोरोनाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, ताप गेला, भूक परतली आणि त्यानंतर डोळा गेला. हे कसं झालं, असं नातेवाईकांतले कितीतरी जण आम्हाला विचारतात. या महिन्यात त्यावरच लिहावं म्हटलं.

2021 चा रमजान आठवा. 14 एप्रिलला पहिला रोजा, 14 मेला ईद, आणि मधला सगळा महिना ॲम्ब्युलन्सच्या आवाजात गेला. दहाव्या रोज्याच्या सुमारास मामूजानना ताप आला. शुगर जुनी, दहा-बारा वर्षांची. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन 96, कधी 97. दवाखान्यात खाट मिळत नव्हती आणि खरं तर त्यांना तिची गरजही नव्हती. तेवढ्यात मोबाइलवर कुणाच्या तरी डॉक्टरची चिठ्ठी फिरत आली. तीत तापाची गोळी, एक अँटिबायोटिक आणि एक स्टिरॉइड होतं. ती चिठ्ठी मुमानींना पुढे पाठवणारे आम्हीच होतो. हे लिहिताना आजही हात थांबतो. मेडिकलवाल्याने काही न विचारता औषधं दिली. पाच दिवसांचा डोस होता. बरं वाटतंय म्हणून तो पंधरा दिवस चालला, आणि त्या पंधरा दिवसांत शुगर एकदाही तपासली नाही.

स्टिरॉइड वाईट औषध आहे असं कुणी समजू नये. 2020 च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने दाखवून दिलं की डेक्सामेथासोन रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस दिलं तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवर असलेल्यांचे सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना काही फायदा दिसला नाही. मामूजान या शेवटच्या गटातले. हे औषध शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणूनच फुफ्फुसातली आग विझते. ती दबली की दुसऱ्या जंतूंना मात्र दार उघडं मिळतं. शिवाय शुगर भराभर चढते. कोरोना स्वतःही शुगर वाढवतो, ते वेगळंच.

अशा वेळी जी बुरशी शिरते तिचं नाव म्युकर. तिचे बीजाणू माती, सडका पालापाचोळा, शेणखत, शिळी भाकरी अशा सगळ्या ठिकाणी असतात. आपण रोज श्वासातून ते आत घेतो आणि निरोगी शरीर त्यांना संपवतं. चढलेली शुगर आणि दबलेली प्रतिकारशक्ती एकत्र आली की ती नाकाच्या पोकळ्यांत रुजते आणि रक्तवाहिन्यांत घुसते. रक्त पोहोचत नाही तिथला भाग मरून काळा पडतो. म्हणून लोक 'काळी बुरशी' म्हणतात. बुरशी स्वतः काळी नसते. त्या दिवसांत कांद्यावरची काळी पूड हीच ती बुरशी, अशी अफवा उठली होती आणि मुमानींनी अख्खी पिशवीभर कांदे फेकून दिले होते. कांद्यावरची बुरशी निराळी. आणि म्युकर एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, तरी भेटायला यायला भाऊबंद घाबरत होते.

ईदच्या दिवशी शीरखुर्मा खाताना मामूजान म्हणाले, "डावी दाढ हलतेय." आम्ही लवंग दिली. चार दिवसांनी गाल सुजला, पापणी खाली आली, एकाचे दोन दिसू लागले. त्याच आठवड्यात, 20 मेला, केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं. ॲम्फोटेरिसिन-बी हे इंजेक्शन शोधताना घरातली तरुण मुलं तीन जिल्हे फिरली. ते आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं, मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून सारखं रक्त तपासावं लागतं. जीव वाचवायला डोळा काढावा लागला. राज्य सरकारने हा उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आणला होता, पण बाहेरून आणलेल्या इंजेक्शनांत मुमानींच्या बांगड्या गेल्याच.

आता चिठ्ठीतल्या दुसऱ्या औषधाकडे, अँटिबायोटिककडे येऊ. कोरोना हा विषाणू, आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. कोरोनासोबत जिवाणूंचा संसर्ग होतो, पण आपल्याला वाटतं तितका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये सांगितलं की दवाखान्यात दाखल झालेल्या कोरोना रुग्णांपैकी फक्त 8 टक्क्यांना असा संसर्ग होता, अँटिबायोटिक मात्र चारांतल्या तिघांना दिलं गेलं. ॲझिथ्रोमायसिनने मृत्यू कमी होत नाहीत, हेही त्याच 'रिकव्हरी' चाचणीत दिसलं. खरा धोका असतो तो दवाखान्यात, नळ्या आणि व्हेंटिलेटरवर दिवस काढणाऱ्यांना. तिथले क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू साध्या औषधांना दाद देत नाहीत. घरोघरी अर्धवट खाल्लेल्या गोळ्यांनी अशा जंतूंचं बळ वाढतं.

ज्यांच्या घरी शुगरचे रुग्ण आहेत त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. ताप-सर्दीनंतर किंवा स्टिरॉइड चालू असताना चेहऱ्याची एकच बाजू दुखली, सुजली वा बधिर झाली, नाकातून काळसर-रक्ताळ स्राव आला, टाळूवर काळा डाग दिसला, दात हलू लागले, नजर दुहेरी झाली, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. दाढदुखी समजून आम्ही घालवले तसे चार दिवस घालवू नका. स्टिरॉइड दिलं असेल तर शुगर किती वेळा तपासायची आणि औषध कधी थांबवायचं, हे डॉक्टरांना विचारूनच उठा. बरेच दिवस चाललेलं स्टिरॉइड मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

मागच्या महिन्यात नातीला खोकला झाला. मुमानींनी कपाटातल्या बिस्किटाच्या जुन्या डब्यातून ॲझिथ्रोमायसिनची उरलेली दोन गोळ्यांची पट्टी काढली. मामूजानने ती हातातून घेतली, उजव्या डोळ्याजवळ नेऊन तारीख वाचली आणि कुर्त्याच्या खिशात टाकली. नातीला मध-आल्याचा चाटण दिला. खोकला आठ दिवसांनी गेला.