शिरावरचे बक्षीस आणि शिरढोणचे फडके

बाउंटी हंटर, म्हणजे बक्षिसासाठी फरारींना पकडणारा, म्हटले की अमेरिकेतला पिस्तूलधारी घोडेस्वार आठवतो आणि हा प्रकार आपल्या इतिहासाला परका आहे, असे खुशाल गृहीत धरले जाते. निदान पनवेलकरांनी तरी हे मान्य करू नये. तालुक्यातल्या शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेल्या आणि इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या वासुदेव बळवंत फडक्यांना पकडून देणाऱ्याला मुंबई सरकारने बक्षीस लावले होते. त्याच्याही आधी, १८३१ साली, कंपनी सरकारने रामोशांचे बंडखोर पुढारी उमाजी नाइक यांना पकडून देण्यासाठी दहा हजार रुपये आणि चारशे बिघे जमीन देऊ केली. त्यातली जमीन विशेष लक्षात घ्यावी. किल्ल्यांची रखवाली आणि त्यावरची मिळकत हातची गेली म्हणून रामोशी बिथरले होते. त्यांच्याच भाऊबंदांपुढे आता जमिनीचे आमिष धरले गेले. उमाजी फितुरीनेच हाती लागले. अमेरिकेतला बाउंटी हंटर ज्या रूढीवर उभा आहे, ती म्हणजे जामीनदार पळालेल्या आरोपीला स्वतः धरू शकतो; या जुन्या रूढीवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते १८७२ साली, म्हणजे उमाजींना फाशी झाल्यानंतर चाळीस वर्षांनी.

माझे म्हणणे असे, की असा शिकारी स्वयंभू नसतो. त्याला दवंडी पिटणारी सत्ता घडवते आणि जिथे रयत आपणहून साथ देत नाही, तिथेच ती दवंडी पिटते. मग फितुराला दोष नाही का? आहेच. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर १८९७ साली वीस हजारांचे बक्षीस लागले; मारेकऱ्यांची माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना महाराष्ट्राने क्षमा केली नाही आणि ते योग्यच झाले. पण सगळा राग त्यांच्यावर काढताना थैली उघडणारा हात नजरेआड होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खुद्द फडक्यांनीच गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या शिरावर उलट बक्षीस लावले नव्हते का? लावले होते, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या बंडातली ही सर्वांत विचारपूर्वक केलेली कृती होती. त्यांच्यामागे ना खजिना होता ना फौज. मे १८७९ मध्ये पनवेलजवळ पळस्पे लुटून परतणारे त्यांचे साथीदार दौलतराव नाईक मेजर डॅनियलच्या तुकडीशी लढताना पडले. तरीही कोणाच्या शिराची किंमत ठरवणे हा राज्यकर्त्याचा अधिकार असेल, तर तो आमचाही आहे, हे त्यांनी जाहीरनाम्यातून सरकारला सुनावले. जुलैमध्ये कर्नाटकातल्या देवर नावदगीला, तापाने फणफणलेले फडके झोपेत असताना, त्यांना पकडले ते याच पगारी डॅनियलने आणि निजामाच्या पोलिसांतल्या अब्दुल हकने.

आजही पोलीस बक्षिसे जाहीर करतात, मग फरक काय, असे कोणी विचारील. फरक मर्यादेचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे उद्घोषित गुन्हेगाराला सामान्य नागरिकही धरू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. जामीनदारालाही आरोपीमागे माणसे सोडता येत नाहीत. त्याने दंडाधिकाऱ्याकडे जामीनकीतून मोकळे करण्याचा अर्ज करायचा आणि वॉरंट काढायचे ते न्यायालयाने.