हुकूम नको, विनंती

आपले म्हणणे पटवून देणे म्हणजे समोरच्याला गप्प बसवणे, असा अनेकांचा समज असतो. मग आवाज चढतो, भांडी आपटतात आणि मूळ गोष्ट राहते जागच्या जागी.

बायबलच्या नव्या करारात अवघ्या 25 वचनांचे एक पत्र आहे. संत पौलाने ते तुरुंगातून फिलेमोन या स्नेह्याला लिहिले. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम त्याच्यापासून दुरावून पौलाजवळ आला होता. पौल त्याला परत पाठवत होता, पण आता भाऊ म्हणून त्याचा स्वीकार व्हावा, अशी त्याची इच्छा होती. त्या काळी रोमन मालकाने गुलामाला कडक शिक्षा केली, तरी कायदा सहसा आड येत नसे.

पौल हुकूम करू शकला असता; तसे तो लिहितोही. पण प्रेमाखातर विनंतीच करतो. आधी फिलेमोनाचा चांगुलपणा बोलून दाखवतो (यात थोडी हुशारी आहेच!). अनेसिमने काही नुकसान केले असेल, तर ते आपण भरून देऊ, असे मात्र तो स्वतःच्या हाताने लिहून देतो.

घरात नेमके हेच अवघड जाते. दिराने उधारी करून ठेवली, तर चिडलेल्या नवऱ्याला ‘जाऊ द्या हो, लहान आहे’ म्हणणे सोपे. ‘निम्मे पैसे माझ्या शिलकीतून देते’ म्हणणारी वहिनी विरळा. पण तिचे बोलणे नवऱ्याला सहसा उडवून लावता येत नाही.

पत्राच्या शेवटी पौल आपल्यासाठी खोली तयार ठेवायला सांगतो. म्हणजे तो स्वतः येऊन पाहणार होता!