पत्त्यांचे नियम आणि पैजेचा हिशेब

सातारा व सांगली जिल्ह्यांत तीन पत्तीचे नियम कोणी मुद्दाम शिकवीत नाही. गणपतीच्या मांडवातील जागरणात, लग्नघरात किंवा यात्रेच्या रात्री ते पाहता पाहता अंगवळणी पडतात. एवढ्या शिदोरीवर येथील हौशी माणूस घाट उतरून गोव्यात जातो. मांडवीतील कॅसिनो-नौकेवर थ्री कार्ड पोकरचे टेबल दिसले की ते त्याला ओळखीचे वाटते. ही ओळखच फसवी आहे.

हा खेळ डेरेक वेब यांनी १९९४ च्या सुमारास प्रचारात आणला. त्यात खेळाडूंची आपसांत चुरस नसते. प्रत्येकाचा सामना कॅसिनोच्या डीलरशी असतो. प्रथम पैज लावायची, मग तीन पाने पाहायची. पाने नापसंत असतील तर पैज सोडून द्यायची, अन्यथा तेवढीच दुसरी पैज लावायची. त्यानंतर डीलर आपली पाने उघडतो. त्याच्याकडे निदान राणी किंवा त्याहून वरचा हात नसेल, तर पहिल्या पैजेवर बरोबरीचे पैसे मिळतात आणि दुसरी पैज नुसती परत येते. नियम दहा मिनिटांत समजतात. परंतु नियम समजणे आणि खेळ समजणे यांत अंतर आहे.

बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० निरनिराळे हात होतात. त्यांत तीन सारखी पाने ५२ वेळा, तर एकाच रंगातील क्रमवार पाने ४८ वेळा येतात. म्हणजे दुसरा हात अधिक दुर्मिळ आहे. थ्री कार्ड पोकर त्यालाच श्रेष्ठ मानते; आपली तीन पत्ती मात्र रूढीने ट्रेलला अग्रमान देते. फरक लहान असला तरी बोलका आहे. घरचा खेळ परंपरेने चालतो, कॅसिनोचा खेळ मोजणीने.

ही मोजणी पुढे पैशापर्यंत पोहोचते. खेळाडूला आपला निर्णय डीलरच्या आधी घ्यावा लागतो. त्याने पाने टाकली आणि डीलरकडे राणीसुद्धा नसली, तरी गेलेली पैज परत मिळत नाही. उलट त्याचे हात उत्तम असताना डीलर कमी पडला, तर लाभ निम्म्या रकमेवरच होतो. राणी-सहा-चार किंवा त्याहून वरचा हात असेल तरच पुढे जावे, हा सर्वोत्तम डावपेच काटेकोर पाळला, तरीही प्रचलित बक्षीसदरांत दर १०० रुपयांच्या पहिल्या पैजेमागे सरासरी सुमारे ३ रुपये ३७ पैसे कॅसिनोकडे जातात. तासाला ४० डाव धरले, तर सहा तासांत ही सरासरी आठशे रुपयांच्या घरात जाते. एखादी रात्र नशिबाची निघते, हे खरे. पण कॅसिनो एका रात्रीवर चालत नाही, सरासरीवर चालतो.

कायद्याने हा प्रश्न पुरता सुटलेला नाही. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोसंबंधी कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. गोव्याने तर २०२० मध्ये आपल्याच रहिवाशांना कॅसिनोत जाण्यास बंदी केली. ज्या टेबलापासून यजमान आपल्या घरच्या माणसांना दूर ठेवतो, तेथे पाहुण्याने कोणत्या भरवशावर बसावे?

तेव्हा उरलेले संरक्षण गणिताचेच आहे. राज्याच्या दहावीच्या अभ्यासक्रमात संभाव्यतेचे प्रकरण आहे आणि त्यात पत्त्यांच्या कॅटवरची उदाहरणेही आहेत. एक्का येण्याची संभाव्यता काढली की तास संपतो. त्याच तासाला एक पाऊल पुढे टाकून, या पैजेत सरासरी किती जाईल, एवढा एकच प्रश्न फळ्यावर मांडता येईल. अशाने वर्गात जुगार शिरेल, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु पत्त्यांची क्रमवारी मुलांना मांडवात कळतेच. कळत नाही तो तिच्यामागचा हिशेब.

सांगली ही भाऊसाहेब पडसलगीकरांची आणि भाग्यश्री साठे-ठिपसे यांची बुद्धिबळनगरी. पटावर दोन्ही बाजूंची सोंगटी सारखी आणि नियमही सारखे असतात. म्हणून तेथे अभ्यासाला फळ येते. कॅसिनोच्या टेबलावर अभ्यासाने तोटा कमी होतो, नाहीसा होत नाही. हे ज्याला कळले, त्याने त्या खेळाचा सर्वांत महत्त्वाचा नियम शिकला, असे म्हणावे लागेल. आणि तो शिकण्यासाठी गोव्यापर्यंत जाण्याची गरज नाही, खडू आणि फळा पुरेसा आहे.