विश्लेषण : इंग्लंडमधील मुलांच्या ‘प्रेप स्कूल’ची परंपरा आटतेय का?

राजपुत्र, पंतप्रधान, न्यायाधीश आणि सेनाधिकारी यांच्या अनेक पिढ्या इंग्लंडमधील ‘प्रेप स्कूल’मध्ये वाढल्या. आठव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात जाणे, ही तिथल्या उच्चवर्गीय मुलांची जवळपास ठरलेली वाट होती. आता शुल्कावर लागू झालेला २० टक्के कर, घटता जन्मदर आणि पालकांची बदललेली मानसिकता यांमुळे या शाळा अडचणीत आल्या आहेत. ही परंपरा नेमकी काय आहे आणि तिच्यावर ही वेळ का आली, याविषयी…

‘प्रेप स्कूल’ म्हणजे काय?

‘प्रिपरेटरी स्कूल’चे हे लघुरूप. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेतील मूल अकराव्या वर्षी प्राथमिकमधून माध्यमिक शाळेत जाते. ईटन, हॅरो, विंचेस्टर अशा जुन्या खासगी शाळांमधला प्रवेश मात्र परंपरेने तेराव्या वर्षी होतो. या शाळांना तिथे ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात, पण त्या सरकारी नाहीत. त्या भरमसाट शुल्क घेणाऱ्या शाळा आहेत. साधारण सात-आठ ते तेरा या वयात मुलांना त्यांच्या प्रवेशासाठी तयार करणारी शाळा म्हणजे प्रेप स्कूल. तेराव्या वर्षी द्यावयाची ‘कॉमन एन्ट्रन्स’ ही सामाईक प्रवेश परीक्षा १९०४ मध्ये सुरू झाली आणि या शाळांचा अभ्यासक्रम तिच्याभोवतीच बांधला गेला.

या शाळांची सुरुवात कशी झाली?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पब्लिक स्कूलमध्ये सात-आठ वर्षांची मुले आणि अठरा वर्षांचे तरुण एकाच आवारात राहत. मोठ्यांची दादागिरी आणि धाकट्यांचे हाल ही नित्याची बाब होती. लहान मुलांची वेगळी व्यवस्था हवी, हा विचार त्यातून बळावला. नौदलातील अधिकारी चार्ल्स मॉल्डेन यांनी १८३७ मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर सुरू केलेली ‘विंडलशॅम हाऊस’ ही या प्रकारच्या पहिल्या शाळांपैकी एक मानली जाते. त्यानंतर १८६४ मध्ये ऑक्सफर्डची ‘समर फील्ड्स’, १८७७ मध्ये तिथलीच ‘ड्रॅगन’ आणि १८९२ मध्ये फुटबॉलपटू आर्थर डन यांनी स्थापन केलेली ‘लडग्रोव्ह’ अशा शाळा उभ्या राहिल्या. रेल्वेमुळे मुलांना दूर पाठवणे सोपे झाले आणि दक्षिण किनाऱ्यावरील समुद्रकाठच्या गावांत अशा शाळांची दाटी झाली. बऱ्याच शाळा मुख्याध्यापकाच्या खासगी मालकीच्या असत. याच शाळांच्या मुख्याध्यापकांची संघटना १८९२ मध्ये स्थापन झाली. तिच्या मुळाशी असलेल्या बैठकीचा विषय होता, लहान मुलांसाठी क्रिकेटचा चेंडू केवढा असावा!

साम्राज्याशी आणि भारताशी संबंध काय?

भारतासारख्या वसाहतींत नोकरी करणारे ब्रिटिश अधिकारी मुले पाच-सात वर्षांची झाली की त्यांना ‘मायदेशी’ धाडत. हवामान, आजार आणि मुले एतद्देशीय वळणाची होतील ही भीती, अशी त्यामागची कारणे. मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात १८६५ मध्ये जन्मलेले रुडयार्ड किपलिंग यांना १८७१ मध्ये, वयाच्या अवघ्या पाचव्या वर्षी, इंग्लंडमध्ये परक्या कुटुंबाकडे ठेवण्यात आले होते. ते घर प्रेप स्कूल नव्हते. पण अशा हजारो मुलांना सांभाळण्याची गरज या शाळांनी भागवली. पुढे हा नमुना भारतातही आला. डेहराडूनमध्ये १९३५ साली ‘दून स्कूल’ सुरू झाल्यावर दोनच वर्षांत तिथे मुले पाठवण्यासाठी ‘वेल्हम’ ही पूर्वतयारीची शाळा निघाली.

शाळेतले जीवन कसे असे?

दिवस घंटेवर चाले. सकाळी प्रार्थना, मग लॅटिन, गणित, फ्रेंच. दुपारी मैदानावर ऋतूनुसार क्रिकेट, फुटबॉल किंवा रग्बी. संध्याकाळी देखरेखीखाली गृहपाठ. या गृहपाठालाही ‘प्रेप’च म्हणतात. रात्री एका लांब खोलीत ओळीने मांडलेल्या खाटांवर झोप. आजारपण, कपडे आणि रडू या तिन्हींचा भार ‘मेट्रन’ या पदावरील बाईंवर. घरून आणलेल्या खाऊची पेटी आणि रविवारी घरी लिहायचे पत्र हे घराशी असलेले दुवे. अनेक शाळांत हे पत्र शिक्षकांच्या नजरेखालून जाई, त्यामुळे मनातले लिहिण्याची सोय नसे. दुसरीकडे मोकळी मैदाने, कमी पटसंख्येचे वर्ग, नाटक, संगीत आणि आयुष्यभर टिकणारी मैत्री यांसाठी या शाळांची कृतज्ञतेने आठवण काढणारे माजी विद्यार्थीही कमी नाहीत.

टीका कशावर होते?

पहिला आक्षेप कोवळ्या वयातील ताटातुटीवर आहे. जॉर्ज ऑर्वेल १९११ ते १९१६ या काळात ईस्टबोर्नच्या ‘सेंट सिप्रियन्स’मध्ये होते. छडी, थंडी आणि श्रीमंत-गरीब भेदभाव यांविषयी त्यांनी लिहिलेला दीर्घ निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. मानसोपचारतज्ज्ञ जॉय शॅव्हेरियन यांनी अशा मुलांमध्ये प्रौढपणी दिसणाऱ्या भावनिक कोंडीला ‘बोर्डिंग स्कूल सिंड्रोम’ असे नाव दिले. राजकुमारी डायना यांचे बंधू चार्ल्स स्पेन्सर यांनी २०२४ मध्ये प्रेप स्कूलमधील छळाच्या आठवणी पुस्तकरूपाने मांडल्या, तेव्हा हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. सरकारी शाळांत शारीरिक शिक्षेवर १९८०च्या दशकात बंदी आली, पण इंग्लंडमधील खासगी शाळांत त्यासाठी १९९८ चा कायदा यावा लागला.

दुसरा आक्षेप विषमतेचा. ब्रिटनमध्ये सुमारे ७ टक्के मुले खासगी शाळांत शिकतात. पण २०१९ च्या एका अधिकृत अहवालानुसार वरिष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के अशा शाळांतून आलेले होते.

आताची अडचण नेमकी काय?

मजूर पक्षाच्या सरकारने १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू केला. त्यातून सरकारी शाळांत साडेसहा हजार शिक्षक नेमण्याचे आश्वासन आहे. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमध्ये धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या खासगी शाळांना मालमत्तेवरील करात मिळणारी सवलतही गेली आणि त्याच महिन्यात कर्मचाऱ्यांपोटी मालकाने भरायचा राष्ट्रीय विम्याचा दर १३.८ वरून १५ टक्के झाला. कराविरोधातील याचिका उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळल्या.

करामुळे नेहमीच्या प्रमाणापलीकडे तीन वर्षांत सुमारे १०० खासगी शाळा बंद पडतील, असा सरकारचाच अंदाज होता. ईटनसारख्या शाळेकडे शतकांच्या देणग्या आणि जमिनी आहेत. शे-दोनशे मुलांच्या प्रेप स्कूलकडे शुल्काखेरीज उत्पन्न नसते. तिथली दहा-पंधरा मुले गेली, तरी शिक्षकांचे पगार आणि जुन्या इमारतीची डागडुजी तेवढीच राहते. अशी शाळा बंद होते तेव्हा धनाढ्य पालक दुसरी शाळा शोधतात. पोटाला चिमटा काढून शुल्क भरणारे पालक, शिक्षक आणि स्वयंपाकी यांची मात्र पंचाईत होते. शुल्क न परवडणाऱ्या बहुसंख्यांच्या शाळांना पैसा हवा असेल, तर ही किंमत रास्त आहे, असे कराच्या समर्थकांचे म्हणणे आहे.

हे सारे करामुळेच घडते आहे का?

नाही. घसरण जुनी आहे. डेव्हिड कॅमेरून यांची ‘हेदरडाऊन’ ही प्रेप स्कूल १९८२ मध्ये, तर बोरिस जॉन्सन यांची ‘अॅशडाऊन हाऊस’ २०२० मध्येच बंद झाली. इंग्लंडमधील जन्मांची संख्या २०१२ नंतर घटत गेली, त्यामुळे लहान वर्गांना मुलेच कमी मिळतात. अनेक नामांकित शाळा आता अकराव्या वर्षीच प्रवेश देतात किंवा निवड चाचणी घेतात. त्यामुळे तेराव्या वर्षापर्यंत प्रेपमध्ये थांबण्याचे कारण उरत नाही. मुख्य म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला दूर ठेवणे आजच्या पालकांना पटत नाही. राजघराण्यातही हा बदल दिसतो. राजे चार्ल्स यांना १९५७ मध्ये आठव्या वर्षी ‘चीम’च्या वसतिगृहात पाठवले गेले. युवराज विल्यम १९९० मध्ये त्याच वयात ‘लडग्रोव्ह’मध्ये दाखल झाले. त्यांचे पुत्र जॉर्ज मात्र २०२२ मध्ये भावंडांसह ‘लॅम्ब्रूक’ या मुला-मुलींच्या शाळेत, घरून ये-जा करत शिकू लागले.

पुढे काय?

बहुतेक जुन्या प्रेप स्कूल मुलींनाही प्रवेश देऊन तगल्या आहेत. ‘ड्रॅगन’ने हे पाऊल १९९४ मध्येच उचलले. काही शाळा मोठ्या शाळांत विलीन होत आहेत, काहींनी आठवड्यातले मोजके दिवस वसतिगृहाची सोय ठेवली आहे. नामांकित पब्लिक स्कूल परदेशात शाखा काढून उत्पन्न शोधत आहेत. पुण्यात २०२३ मध्ये सुरू झालेली ‘वेलिंग्टन कॉलेज इंटरनॅशनल’ हे त्याचेच उदाहरण. लहान प्रेप स्कूलकडे विकण्याजोगे असे नाव नसते. त्यामुळे केवळ मुलांची, पूर्ण वेळ वसतिगृहाची प्रेप स्कूल हा यापुढे मोजक्या शाळांपुरता उरलेला प्रकार ठरण्याची चिन्हे आहेत. मात्र शाळा बदलल्या म्हणून विषमता आपोआप कमी होणार नाही. करातून मिळालेला पैसा सरकारी शाळांतील वर्गापर्यंत खरोखर पोहोचतो का, यावरच या धोरणाचे यशापयश ठरेल.