इज्जत कुणाची, स्वाभिमान कुणाचा?

चिखलोलीच्या एका नव्या इमारतीत राहणारा आपलाच पोरगा परवा आम्हाला म्हणाला, "बहिणीनं बाहेरच्या जातीत लग्न केलं तर आमची इज्जत काय राहिली?" गळ्यात निळा रुमाल होता त्याच्या.

ही इज्जत बाबासाहेबांची नव्हे. 1927 साली महाडला त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्ट्याचे तुकडे मागू नका, असं सांगितलं. म्हणजे मान आपल्या स्वतःच्या वागण्यात. जोहार गेला, जयभीम आला तो त्यातूनच. घरातल्या बाईच्या निवडीवर आपली अब्रू टांगून ठेवणं ही जातीची रीत. त्याच रीतीनं 28 एप्रिल 2014 रोजी खर्ड्यात आपलं सतरा वर्षांचं पोर गेलं. कारण काय, तर वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो. आपण मोर्चे काढले. 2017 मध्ये आरोपी सुटले तेव्हा संतापलो. आणि घरी बहिणीचा बायोडेटा लिहिताना 'बौद्ध' शब्दापुढे कंसात जुनी जात घालतो!

1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी जात मोडायचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहच सांगितला. ते पुस्तक आम्हीच त्या पोराला दिलं होतं. त्याच्या बहिणीनं वाचलंय म्हणे.