क्रिप्टोच्या नावावर रोकड कोणाच्या हातात देऊ नका

वर्धा जिल्ह्यातील शेतकरी बांधव, निवृत्त शिक्षक, बचत गटांच्या ताई आणि तरुण मित्रहो,

अमेरिकेत रोख टाकून क्रिप्टो, म्हणजे डिजिटल चलन, घेण्याची मशिने दुकानांतून असतात. फोनवरचा भामटा सांगतो आणि वयस्कर माणसे त्यात आयुष्याची पुंजी टाकतात. २०२४ या एका वर्षात अशा तक्रारींतली रक्कम २४ कोटी डॉलरच्या वर गेली, असे तिथल्या एफबीआय या तपास यंत्रणेची आकडेवारी सांगते. आपल्याकडे तशी मशिने नाहीत. २०१८ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलमध्ये एक बसवले होते, ते पोलिसांनी काही दिवसांतच जप्त केले. पण आपल्या गावांत मशिनचे काम ओळखीचा माणूस करतो, आणि त्याला नाही म्हणणे फार जड जाते.

'गेनबिटकॉइन' ही बिटकॉइन गुंतवणुकीची फसवी योजना आठवा. दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, असे आश्वासन होते. नवे लोक आणणाऱ्याला कमिशन. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी कंपनीच्याच 'एमकॅप' नावाच्या नाण्यात मिळू लागला, ज्याला बाजारात किंमत उरली नाही. पुणे पोलिसांनी सूत्रधाराला २०१८ मध्ये पकडले. तपास आज सीबीआयकडे आहे. आपल्या शेजारी नागपुरात 'इथर ट्रेड एशिया' या क्रिप्टो फसवणुकीचे प्रकरण झाले. त्यातला मुख्य आरोपी मार्च २०२२ मध्ये लोणावळ्यात सापडला.

कापसाचे चुकारे हाती येतात, निवृत्तीची रक्कम खात्यात जमा होते, तेव्हाच अशा योजनांचे एजंट दारी येतात. त्यांच्या ॲपवर रक्कम वाढताना दिसते, पण तो आकडा ॲप चालवणाराच टाकतो. पैसे काढायला गेलात की 'आधी टॅक्स भरा' म्हणतात. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे हे खरे, पण तो सरकारजमा होतो, एजंटच्या खात्यात नाही. मुद्दल सोडवण्यासाठी आणखी पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

फसगत झाली तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. बँकेतून गेलेली रक्कम वेळेत कळवली, तर मध्येच गोठवता येते. रोख दिलेल्या पैशाला ती सोय नाही, म्हणूनच एजंट रोकड मागतो. चॅट, पावत्या, एजंटचा नंबर पुसू नका.

आणि घरच्यांनो, फसलेल्या माणसाला बोल लावू नका. बोलणी खाण्याच्या भीतीने तो गप्प बसतो आणि तेवढ्यात पैसा दूर निघून जातो. त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जा.